गरीब धनको आणि श्रीमंत ऋणको



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ व्यवसायाने मुद्रक होते, आणि मुद्रकाच्या दप्तरात छापून झालेल्या फर्म्यांच्या शेजारीच थकलेल्या बिलांची चवड असते, हे त्या व्यवसायाची नुसती तोंडओळख असणारासही ठाऊक आहे. म्हणून विषय निवडण्याची मोकळीक मला मिळाली तेव्हा, व्यासपीठावरून ज्याची चर्चा सहसा होत नाही आणि दुकानाच्या फळीवर जो रोज बोलला जातो, असा विषय मी घेतला. काम चोख पार पाडून दिल्यावर गिऱ्हाईक पैसे देण्याचे नाकारते तेव्हा कारागिराने काय करावे, आणि समाजाने त्या प्रसंगाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा तो विषय होय.

महाराष्ट्रात जाहीर व्याख्यानांना ज्या मालेने प्रतिष्ठा मिळवून दिली ती पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी मे महिन्याच्या १२ तारखेस भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. त्या दंग्यांचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा जो कायदा झाला त्याने रोख्यावरील आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. तो कायदा न्याय्यच होता. परंतु तेव्हापासून कर्ज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहू लागले: ओसरीवर लोडाशी टेकून बसलेला सावकार हा धनको, आणि त्याच्यापुढे पागोटे हातात घेऊन उभा असलेला कुणबी हा ऋणको. कथाकादंबऱ्यांनी, नाटकांनी आणि पुढे बोलपटांनी ते चित्र इतके गडद केले, की त्याच्या नेमके उलट असलेले दुसरे चित्र, जे प्रत्येक गावात आणि प्रत्येक पेठेत नित्य दिसते, ते आपल्या नजरेतून निसटूनच गेले. त्या दुसऱ्या चित्रात धनको गरीब आहे आणि ऋणको सुखवस्तू आहे. दारात ताटकळणारा मनुष्य घेणेकरी आहे, आणि आतून ‘साहेब झोपलेत, उद्या ये’ असा निरोप धाडणारा मनुष्य देणेकरी आहे. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की कारागिराची थकलेली मजुरी हे कर्जच होय, तेही त्याच्या संमतीवाचून काढलेले. आणि सावकाराचे देणे बुडविणारास जी नामुष्की आपण चिकटवितो, तिच्याहून अधिक नामुष्की हे कर्ज बुडविणारास चिकटली पाहिजे.

सावकार आणि कारागीर या दोघांची धनको म्हणून तुलना करून पाहा. सावकार पैसे देण्यापूर्वी कुळाची ऐपत पाहतो, तारण घेतो, जामीन मागतो, मुदत ठरवितो, व्याजाचा दर लिहून घेतो, आणि इतके करूनही मन साशंक असल्यास पहिले व्याज आधीच कापून उरलेली रक्कम हातावर ठेवतो. सुतार यांतले काहीच करीत नाही. तो गिऱ्हाइकाच्या घरी जातो, माप घेतो, वखारीतून लाकूड आणि दुकानातून खिळे, बिजागऱ्या, सरस आणतो; पुष्कळदा हा माल त्याने स्वतःच उधारीवर उचललेला असतो; मग हाताखालच्या गड्यास रोजची मजुरी रोज देत महिनाभर राबतो, आणि शेवटी त्याच्या सर्व भांडवलाचे रूपांतर दुसऱ्याच्या भिंतीत बसविलेल्या एका कपाटात होऊन जाते. त्या कपाटाचे पैसे आले नाहीत, तर त्याने बिनव्याजी, बिनतारणी, बिनमुदती कर्ज दिले असा त्याचा अर्थ होतो. व्यवहारात इतका उदार सावकार दुसरा कोणी सापडणार नाही, आणि हे औदार्य त्याच्यावर लादलेले असते, हीच त्यातली शोकांतिका आहे.

हा प्रश्न आजचा नाही. मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे न्यायालयात येणाऱ्या वादांची, जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत पहिले ऋणादानाचे आणि सहावे वेतनादानाचे, म्हणजे मजुरी न देण्याचे आहे. ज्या वादासाठी धर्मशास्त्राला स्वतंत्र प्रकरण योजावे लागले तो वाद त्या काळी विरळा असणे शक्य नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात तर वेतन न देणारास आणि ते दडपून ठेवणारास पणांच्या हिशेबाने दंड सांगितला आहे. शिवाय मजुरी आधी ठरलेली नसेल तर शिल्पी, गायक, वैद्य वगैरेंना त्यांच्यासारखे काम करणाऱ्या इतरांस जे मिळते ते, किंवा त्या कामातले जाणकार ठरवतील ते, मिळावे असा नियमही दिला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७० व्या कलमाने याच न्यायाला आधुनिक रूप दिले. एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाराने भरपाई दिली पाहिजे, असे ते कलम सांगते. तात्पर्य, ‘आपले काही ठरलेच नव्हते’ ही गिऱ्हाइकाची सबब कौटिल्यानेही मानली नाही आणि इंग्रजांच्या विधिमंडळानेही मानली नाही.

आपल्या गावगाड्यात या प्रश्नाची वेगळीच व्यवस्था होती. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी हे वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपले बलुते घेत. कामाच्या महत्त्वाप्रमाणे थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी मानल्या जात आणि त्या मानाने धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही पद्धती तिच्या गुणदोषांसह बारकाईने वर्णिली आहे. प्रत्येक नांगराच्या फाळाचे वेगळे बिल करावे लागत नव्हते, आणि दुष्काळ पडला तर कुणबी व कारागीर यांचे पोट एकाच मापाने मोजले जात होते, हा त्या व्यवस्थेचा गुण म्हणता येईल. परंतु माप ज्याच्या हाती, त्याचीच सत्ता, हा तिचा दोष होता. ज्याला खळ्यावर उभे राहून मागावे लागते त्याचे देणे हक्काचे असूनही दिसते मात्र भिक्षेसारखे, आणि देणाराचे मन फिरले की ते बंद होते. अस्पृश्य मानलेल्या बलुतेदारांच्या बाबतीत हा दोष क्रौर्याच्या थरास गेला. महारांनी एखादे अपमानकारक काम सोडले की गावाने त्यांचे बलुते रोखावे आणि त्यांना उपासमारीने वाकवावे, असा प्रकार ठिकठिकाणी घडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी जे बिल आणले त्यातील एक मुख्य सूचना हीच होती, की रयतेने द्यावयाच्या या बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती सरकारने वसूल करावी आणि महारांना द्यावी. मजुरीसाठी रोज गावकऱ्यांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, हा तिचा हेतू. ते बिल त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. पण त्यामागील निदान अचूक होते. मजुरी रोखण्याचा अधिकार ज्याच्या हाती राहतो, त्याच्या हाती मजुराचे स्वातंत्र्यही राहते.

आता पेशवाईकडे वळू. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने लिहिलेला अहवाल १८२१ साली छापला गेला, त्यात त्याने येथील तगाद्याचे सविस्तर वर्णन केले आहे. घेणेकरी बलवान आणि देणेकरी दुबळा असला, तर देणेकऱ्याला घरात कोंडणे, अन्नपाणी तोडणे, उन्हात बसविणे, प्रसंगी डोक्यावर जड धोंडा देऊन उभे करणे, येथवर मजल जाई. देणेकरी मोठा आणि घेणेकरी लहान असला, तर मात्र उपाय बदले. घेणेकरी आधी विनवणी करी, त्याच्या अब्रूला आवाहन करी, उंबऱ्यावर आडवा पडे, वाटेत लोळण घेई, दारापुढे आरडाओरड करी, आणि अखेरीस धरणे धरून उपाशी बसे. तो उपाशी असेपर्यंत आतल्या यजमानालाही अन्न घेता येत नसे. मागणी न्याय्य असेल तोवर अशा माणसास हुसकून लावू नये, असा लोकाचार होता, आणि बहुधा काहीतरी तडजोड होऊन जाई, अशी साक्ष त्या अहवालातच आहे.

या पद्धतीचे पुनरुज्जीवन व्हावे असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही, कारण धोंडा ज्याच्या डोक्यावर चढे तो नेहमी गरीबच असे. तथापि दुबळ्याच्या धरण्यात एक मर्म होते ते लक्षात घेण्याजोगे आहे. दुबळ्याजवळ शिपाई नव्हता, कोतवाल नव्हता, पैसाही नव्हता. पण देणेकऱ्याला ज्या आळीत रोज तोंड दाखवावयाचे होते त्याच आळीत घेणेकरीही राहत होता, आणि लोकलज्जा हीच त्याची दिवाणी अदालत होती. इंग्रजी अंमलात ही अदालत बंद झाली. १८६० च्या दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमाने दैवी कोपाची भीती घालून एखाद्यास काही करावयास लावणे हा गुन्हा ठरविला, आणि त्या कलमाखाली उदाहरण म्हणून दिले होते ते दारात धरणे धरून बसणाराचेच. दैवी कोप गेला ते ठीकच झाले; परंतु त्याच्याबरोबर लोकलज्जाही गेली, आणि तिच्या जागी जे न्यायालय आले तेथे पोहोचावयास कारागिराच्या हाती वेळही नव्हता आणि द्रव्यही नव्हते.

येथे थोरल्या बाजीरावाची आठवण होते. आपले गुरू धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिताना हा अजिंक्य सेनापती कर्जाने गांजल्याचे सांगतो, आणि सावकारांच्या व शिलेदारांच्या पायांवर डोके ठेवून ठेवून आपल्या कपाळाची कातडी झिजल्याचे कळवितो. हा विनय सावकारांच्या वाट्याला का यावा? कारण उद्या पुन्हा स्वारी निघावयाची असे आणि पुन्हा त्यांच्याकडेच जावे लागे. ज्या तांबटाने भांडी घडविली, ज्या शिंप्याने तंबू शिवले, त्याच्यापुढे कपाळ घासल्याचा दाखला इतिहासाच्या कागदांत शोधू गेल्यास हाती काय लागेल, याची कल्पना कोणासही करता येईल. एक तांबट गेला तर दुसरा मिळतो. थोर माणसाचेही देणे प्रथम त्यालाच पोहोचते, ज्याच्यावाचून त्याचे पुढे अडणार असते.

ही केवळ आपलीच रीत आहे असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात जुगारात हरलेले पैसे हे ‘प्रतिष्ठेचे ऋण’ मानले जाई आणि ते ताबडतोब फेडले जाई, वास्तविक १८४५ च्या कायद्याने ते न्यायालयात वसूलही होत नव्हते. शिंप्याचे आणि चर्मकाराचे बिल, जे न्यायालयात वसूल होत होते, ते मात्र वर्षानुवर्षे पडून राही. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये रॉडन क्रॉली आणि त्याची चतुर पत्नी बेकी ही दोघे लंडनच्या उच्चभ्रू वस्तीत कसलेच उत्पन्न नसताना ऐटीत राहतात, त्या ऐटीचा खर्च कोण सोसतो, तर आयुष्यभर बटलरकी करून आणि भाजीपाल्याचे दुकान चालवून ज्याने ते घर घेतले होते तो बापडा रॅगल्स. सगळे नगर त्या जोडप्याच्या मेजवान्यांना जाते आणि घरमालक धुळीस मिळतो. १८७६–७७ साली व्हिस्लर नावाच्या चित्रकाराने लेलँड या जहाजमालकाची भोजनशाला रंगविली तेव्हा वेगळाच तंटा उपस्थित झाला. किरकोळ फेरफार सांगितलेले असताना, मालक गावी नाही असे पाहून, चित्रकाराने भिंतींवरील मौल्यवान चामड्यासकट सर्व दालन निळ्या-सोनेरी मोरांनी भरून टाकले आणि २००० गिनी मागितल्या. मालकाने १००० दिले, आणि तेही गिनीहून एका शिलिंगाने कमी असलेल्या पौंडांत. कलावंताला गिन्यांत आणि कारागिराला पौंडांत पैसे देण्याचा तेथे रिवाज होता, म्हणून रकमेच्या कपातीइतकाच हा शिलिंगांचा अपमान व्हिस्लरला झोंबला. त्या वादात चूक कोणाची हे ठरविणे कठीण आहे, आणि म्हणूनच तो बोधप्रद आहे. सांगितल्यापेक्षा अधिक झालेले, म्हणजे आपल्याकडचे ‘वाढीव काम’, हे आजही निम्म्या भांडणांचे मूळ असते.

पैसे बुडविणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रकार किती, असे कोणा अनुभवी मिस्त्रीस विचारावे. पहिला प्रकार उद्याच्या वायद्याचा. तो कधीच नकार देत नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. दुसरा दोषदर्शी, काम चालू असता तो रोज येऊन कौतुक करतो, चहा पाजतो, आणि बिल हाती पडताच त्याला रंगाची छटा पिवळट दिसू लागते व दाराची फळी वाकडी भासू लागते. तिसरा आश्रयदाता, ‘एवढे सोडून दे, माझ्या मेहुण्याचा बंगला निघतो आहे, तो तुलाच देतो,’ असे सांगून तो उद्याच्या न मिळालेल्या कामाच्या बदल्यात आजचे केलेले काम फुकट घेतो. चौथा घरोब्याचा, त्याच्याकडे मागणे म्हणजे नाते तोडणे. पाचवा प्रकार संस्थेचा. तेथे देणार नाही असे म्हणणारा मनुष्यच नसतो, बिल कारकुनाकडून हिशेबनिसाकडे आणि हिशेबनिसाकडून साहेबाच्या सहीसाठी जाते व सहीवाचून परत येते, आणि कारागीर त्या बिलामागे टेबलाटेबलाशी हिंडत राहतो. उत्सवाचा मंडप घालणारा, सभेचा ध्वनिक्षेपक लावणारा आणि निवडणुकीची पत्रके छापणारा यांची स्थिती सर्वांत बिकट, कारण प्रसंग उरकल्यावर त्यांची गरजच संपलेली असते, आणि निवडणूक हरलेला उमेदवार तर त्यांना ओळखही देत नाही. ‘आज रोख, उद्या उधार’ ही दुकानात टांगलेली पाटी पाहून आपण हसतो. ती या सर्व अनुभवाचे सार आहे.

या बाबतीत सर्व कारागीर सारखे हतबल नसतात, आणि त्याचे कारण कायद्याने नेमके ओळखलेले आहे. करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणे, दिलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले त्याला, मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. कलमाखालचे उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे आहे. आणि त्यालगतच दुसरे उदाहरण असे, की शिंप्याने तीन महिन्यांची उधारी आधीच कबूल केली असेल तर त्याला कोट अडविता येणार नाही. सोनार, घड्याळदुरुस्ती करणारा, शिंपी हे सगळे या हक्काच्या बळावर उभे आहेत. लग्नाची छायाचित्रे काढणाराही, वस्तू आपल्या हाती आहे म्हणूनच, शेवटचा हप्ता येईपर्यंत अल्बम देत नाही. परंतु गवंडी, रंगारी, नळकाम करणारा, वीजकाम करणारा आणि घरी येऊन फर्निचर करणारा सुतार यांचे काम गिऱ्हाइकाच्या वास्तूत मिसळून जाते, आणि ज्या क्षणी ते पुरे होते त्याच क्षणी त्यांच्या ताब्यातून निसटते. अमेरिकेत वॉशिंग्टन नगर वसविले जात असता, १७९१ साली मेरीलँड संस्थानाने कायदा करून बांधकाम करणाऱ्यांना त्या इमारतीवरच आपल्या मजुरीचा बोजा चढविण्याचा हक्क दिला, आणि पुढे तो त्या देशात सर्वत्र रुजला. आपल्या कायद्यात बांधकामावरील कारागिराला असा सर्वसाधारण हक्क नाही. भिंत उभी करणारापेक्षा भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करणारा आपल्याकडे अधिक सुरक्षित आहे, हे विपरीत खरे, पण वस्तुस्थिती आहे.

मग कारागिराने फिर्याद करावी, असे म्हणणे सोपे आहे. पोलिसठाण्यात गेल्यास ‘ही दिवाणी बाब आहे’ असे उत्तर मिळते, आणि ते पुष्कळदा बरोबरही असते. कारण फसविण्याचा इरादा अगदी प्रारंभापासून होता असे दिसल्यावाचून नुसता पैसे न देण्याचा प्रकार फसवणुकीच्या गुन्ह्यात बसत नाही. दिवाणी दावा लावावयाचा तर काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. ऋणकोने त्या मुदतीत सहीनिशी बाकी कबूल केली तर ती कबुलीच्या दिवसापासून पुन्हा नव्याने मोजली जाते. परंतु वकीलपत्र, समन्सची बजावणी, प्रतिवादीची कैफियत, तारखेमागून तारीख, या प्रत्येक पायरीवर कारागिराचा एकेक दिवस बुडतो, आणि त्याच्या लेखी दिवस बुडणे म्हणजे मजुरी बुडणे होय. हुकूमनामा हाती आला तरी दरखास्त, जप्ती आणि लिलाव पुढे उभेच असतात. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच नमूद करून ठेवले आहे. चेक न वटल्यास फौजदारी जबाबदारी येण्याची तरतूद १९८९ पासून अंमलात आहे, आणि व्यापाऱ्याला तिचा उपयोगही होतो. परंतु रंगाऱ्याला चेक देतो कोण?

अलीकडच्या काळात एक चांगला कायदा झाला, त्याचा उल्लेख केला पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे, सूक्ष्म वा लघु उद्योजकाकडून माल किंवा सेवा घेणाराने ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत काहीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चढणारे चक्रवाढ व्याज द्यावे लागते. काम हाती आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम पसंत पडले असे कायदा गृहीत धरतो, आणि दोषदर्शी गिऱ्हाइकास याहून नेमके उत्तर नाही. २०२४ च्या एप्रिलपासून आयकराच्या कायद्यातही अशी सुधारणा अंमलात आली, की मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट ती प्रत्यक्ष देईपर्यंत व्यापारी देणेकऱ्याला मिळत नाही. कायद्याने येथे लहान घेणेकऱ्याला सावकाराइतके, किंबहुना थोडे अधिकच, बळ दिले. परंतु या बळाचा लाभ घेण्यास नोंदणी हवी, बिल हवे, कागद हवा. आणि आपले बहुसंख्य कारागीर तोंडी शब्दावर काम घेतात व पाठकोऱ्या कागदावर हिशेब ठेवतात.

यास्तव कारागीर बंधूंना माझे स्पष्ट सांगणे आहे. इसार घेतल्यावाचून कामास हात लावू नये. माल गिऱ्हाइकाच्या पैशांतून आणावा. कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे पैसे पुढचा टप्पा सुरू होण्यापूर्वी मागावेत. वाढीव काम निघाले की तेथल्या तेथे चिठ्ठी करून तीवर सही घ्यावी, आणि बाकी राहिलीच तर तीवरही सही घ्यावी. यात गिऱ्हाइकाविषयी अविश्वास नाही. वाण्याच्या दुकानात रोखीने साखर घेताना आपल्याला अपमान वाटत नाही, मग सुताराने इसार मागितला तर का वाटावा? आणि गिऱ्हाइकाचीही बाजू आहे हे कारागिरांनी विसरू नये. वचन दिलेल्या दिवशी न येणे, एका ठिकाणचा इसार घेऊन दुसरीकडचे काम उरकणे, सांगितल्यापेक्षा हलका माल वापरणे, हे अपराध त्यांच्यातही आहेत, आणि अशा कामाचे पैसे कापण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे. तक्रार खरी की सबब, हे ओळखण्याची कसोटी साधी आहे: खरी तक्रार काम चालू असताना होते आणि दुरुस्ती मागते, सबब बिलानंतर सुचते आणि सूट मागते.

येथे कोणी म्हणेल, थोडे सोडून द्यावे, संतांची हीच शिकवण आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतेपत्रे इंद्रायणीत सोडून दिली अशी कथा त्यांच्या चरित्रांत येते, आणि महाराष्ट्राने ती हृदयाशी जपली आहे. परंतु ती खते बुडविली ती घेणेकऱ्याने, स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या हाताने. क्षमेचे पुण्य ज्याचे येणे त्याचे आहे. ज्याचे देणे आहे त्याने घेणेकऱ्याकडून त्या पुण्याची अपेक्षा करणे, ही निव्वळ लबाडी होय. एक कारागीर सोसतो तेव्हा तो एकटाच सोसत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्याचे थकले की त्याच्या हाताखालच्या मिस्त्रीचे थकते, मिस्त्रीचे थकले की बिगाऱ्याचे, आणि त्या साखळीच्या शेवटच्या टोकाशी डोक्यावर घमेले घेतलेली बाई असते, जिला शनिवारच्या बाजाराला पैसे हवे असतात. बुडालेल्या बिलांचा भार मजुरीचे दर वाढवून अखेर चोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांवरच पडतो, म्हणजे अप्रामाणिकाचा दंड प्रामाणिकाने भरावा अशी ही व्यवस्था होते.

श्रोतेहो, कायदे आणखी होतील आणि व्हावेत. बांधकामावरील कारागिराला त्या वास्तूवर बोजा चढविण्याचा हक्क मिळावा, आणि लहान रकमांच्या दाव्यांचा फडशा दोन-तीन तारखांत व्हावा, या दोन मागण्या मी या व्यासपीठावरून करतो. परंतु हा रोग बरा होण्यास कायद्यापूर्वी लोकमताची गरज आहे. सावकाराचा हप्ता चुकला तर आपली झोप उडते. रंगाऱ्याचे पैसे सहा महिने राहिले तर आपण ते विसरून जातो. कारण सावकाराच्या हाती जप्ती आहे आणि रंगाऱ्याच्या हाती केवळ त्याचा ब्रश आहे. जो देणेकरी केवळ भीतीने देतो त्याला प्रामाणिक म्हणता येत नाही. म्हणून माझी आपणांस विनंती आहे, की यंदाच्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या नावे कोणाकोणाची बाकी आहे याची यादी करावी, तीत बँका आणि पतपेढ्या शेवटी व शिंपी, सुतार, गवंडी, छापखानेवाले आणि मोलकरणी प्रथम लिहाव्यात, आणि त्यांनी दारी येण्याची वाट न पाहता, त्यांच्या घरी जाऊन ती बाकी पुरी करावी.